'अमुक'च्या जागी

माझी लेक ठकी झोपली की माझं पुस्तक जागं होतं. दुपारी, कपड्यांचं मशीन घरघरत असेपर्यंत. ते थांबलं की तिला जाग येते, म्हणून हल्ली मी धुतलेले टॉवेलही पुन्हा धुते. नवऱ्याने एकदा विचारलं, आपल्या घरात एवढे स्वच्छ टॉवेल कशाला लागतात?

पुस्तक घरातल्या धार्मिक विधींचं आहे. ज्यांना संस्कृत येत नाही आणि ज्यांच्या हाकेच्या अंतरावर कुणी गुरुजी नाहीत, त्यांच्यासाठी. काय मांडायचं, काय म्हणायचं, त्याचा अर्थ काय, आणि चुकलं तर आभाळ कोसळत नाही, एवढंच.

हे खूळ डोक्यात शिरलं ते बाबांच्या पहिल्या श्राद्धाला. मी एकुलती एक मुलगी, त्यामुळे तिळाचं पाणी द्यायला चुलतभावाला बोलावलं. बिचारा ऑफिसातून अर्धी सुटी काढून आला. मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, स्वतः गुरुजी. पण नेमका परगावी होता. त्याने पोथी पाठवून दिली. आता पोथीत गेलेल्या माणसाचं नाव आणि गोत्र जिथे घ्यायचं, तिथे 'अमुक' छापलेलं असतं. तिथे खरं नाव घालायचं हे सगळ्यांना माहीतच असणार, असं धरून चाललेलं. भावाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्याने मान खाली घालून, खणखणीत आवाजात, तिन्ही वेळा 'अमुक' म्हणूनच पाणी सोडलं.

संध्याकाळी मामाला फोनवर सांगितलं, तर तो पोट धरून हसला. आई हसली नाही.

"मग पाणी गेलं कुणाला?" तिने विचारलं.

त्या प्रश्नावर मी पुस्तक लिहायला बसले. आता ते जवळजवळ पुरं झालंय आणि प्रकाशक छापायलाही तयार आहेत, पण मामाची प्रस्तावना मिळाली तरच. बाईने लिहिलेल्या असल्या पुस्तकाला कुणा जाणत्याचा आधार हवा, असं त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं.

मामा आज आला तो माझी पानं काखोटीला मारूनच. आजच बाबांचं श्राद्ध, आणि या वेळी भावाला बोलावलेलं नाही हे त्याला दारातच कळलं. चहा झाला, ठकीने त्याचा चष्मा ओढून झाला, मग त्याने एक पान वेगळं काढून टेबलावर ठेवलं. 'हे कुणी करावं?' असं त्याचं शीर्षक. खाली मी लिहिलंय: घरातलं जे कुणी मनापासून करील त्याने. मुलगा, मुलगी, सून.

हे पान काढ, प्रस्तावना लगेच देतो, असं त्याचं म्हणणं. शिवाय सगळं इतकं सोपं केलंस तर उद्या गुरुजींना कोण विचारील?

"मामा, आत्ता तरी कोण विचारतंय?" मी म्हटलं. "लोकांना येत नाही म्हणून ते सोडून देतात. सोडून दिलेलं तू एकटा किती दिवस सांभाळणार?"

"बये, जीभ फार चालते तुझी."

"हातही चालतो. बघच."

मी पाट मांडला. तांब्या, ताम्हण, काळे तीळ. मामा खिडकीपाशी पाठ करून बसला. यात मी नाही, हे पाठीनेच सांगत. आई ठकीला मांडीवर घेऊन माझ्याजवळ सरकली.

माझ्या पानावर 'अमुक' नाही. तिथे एक रिकामी ओळ आहे, आणि खाली लिहिलंय: इथे आपल्या माणसाचं नाव घ्या. मी बाबांचं नाव घेतलं. पूर्ण, गोत्रासकट. आईने जन्मात त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. तिचे ओठ माझ्याबरोबर हलले.

दुसऱ्यांदा पाणी सोडणार, तोच मागून आवाज आला.

"बोटांवरून नको. बोटांवरून देवांना. बापाला अंगठ्याकडून."

मामा वळला होता. राहवलंच नाही त्याला. उठून आला, माझं मनगट धरलं, तळहात जरा कलता केला. पाणी अंगठ्याच्या मुळाशी जमलं आणि तिथून सुटलं. तिसऱ्यांदा त्याने हात लावला नाही, नुसतं पाहिलं.

आवराआवर करताना मी विचारलं, हे कुठल्या पोथीत लिहिलंय?

"हे हात धरून दाखवायचं असतं. बापाने मुलाला."

"मामा, ज्याच्यावर हे पाणी सोडायची वेळ येते, त्याचा बाप गेलेला असतो."

तो ठकीच्या मुठीतून चष्मा सोडवत राहिला. मग म्हणाला, प्रस्तावना काही मी देणार नाही. नको देऊस, मी म्हटलं, आणि त्याच्यासमोरच प्रकाशकांना फोन लावला. प्रस्तावना नाही, पान राहणार, शिवाय एक चित्र वाढलंय. ते म्हणाले, विचार करून कळवतो. मी म्हटलं, जरूर करा. तुम्हाला जमलं नाही तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला जमेल.

मग ठकीचा खडू घेऊन चित्र काढायला बसले. कलता तळहात, अंगठा, त्याच्या मुळाशी पाणी. मामा वरून डोकावला.

"अंगठा आणखी खाली," तो म्हणाला. मी खोडून खाली घेतला. "आणि त्या बांगड्या कशाला?"

मी आणखी एक काढली.