अर्धा मिलिमीटर

एकतीस वर्षं दुसऱ्यांचे दात करून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण माणसाचं कपाळ कधी नीट पाहिलेलंच नाही.

तो एका लॅबमध्ये कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचे जबडे डब्यात घालून पाठवायचे, आणि हा त्यांवर मेण चढवून, दात बसवून, हिरड्या कोरून परत धाडायचा. अख्खा माणूस समोर यायचाच नाही. यायचा तो नाकाखालचा, तोही पांढराफटक. मग लॅबच्या मालकांनी दात कोरणारं मशीन घेतलं. निरोप देताना ते म्हणाले, "तुमचा हात सोन्याचा आहे हो, पण मशीनला चहा लागत नाही." आणि त्यांनी त्याला चहा पाजला.

छप्पन्नाव्या वर्षी माणसाने नवा धंदा शिकू नये असं कुठे लिहिलेलं नाही. लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नसावी.

इस्त्रीच्या दुकानाच्या वर एक खोली होती. उन्हाळा असो की हिवाळा, जमिनीतून गरम वाफ वर यायची. तिथे अ‍ॅक्शन फिगर बनायच्या. म्हणजे फूटभर उंचीचा, पिळदार दंडांचा विकतचा बाहुला घ्यायचा, त्याचं मुंडकं उपटायचं आणि त्या जागी गिऱ्हाइकाने फोटो दिलेल्या माणसाचं, छोट्या लिंबाएवढं डोकं मातीत घडवून, भाजून, रंगवून बसवायचं. कुणी साहेबाचं करून घेई, कुणी नवऱ्याचं. गळ्याखाली सगळे सारखेच पराक्रमी.

खोलीची मालकीण सव्वीस वर्षांची होती. ती त्याला काका म्हणायची आणि तो तिला मॅडम म्हणायचा, आणि दोन्ही शब्द दोघांनाही जरा जडच जायचे. ठरलं होतं ते एवढंच: तीन डोकी करून दाखवायची. जमली तर कामावर कायम, नाही तर नमस्कार. घरात त्याच्या बायकोची शिवणयंत्राची कमाई तेवढी चालू होती, त्यामुळे नमस्कार परवडणारा नव्हता.

पहिल्या डोक्याचे डोळे केसांच्या रेषेला टेकले होते. मॅडमनी ते चिमटीत धरून चारी बाजूंनी फिरवलं.

"काका, डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात."

"मध्यावर?"

"वर कपाळ असतं. त्याच्यावर टाळू असते."

घरी जाऊन त्याने बायकोच्या डोक्याला पट्टी लावली. ती ब्लाउजला हुक लावत होती.

"काय मोजताय?"

"डोळे मध्यावर आहेत का बघतोय."

"आहेत. आता स्वतःची अक्कल कुठवर आहे तेही मोजून घ्या."

डोळे खरंच मध्यावर निघाले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या डोक्याला डोळे जागेवर बसले, पण केसांची जाडी आधी वजा करायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कवटी मापात केली आणि वरून केस थापले. खांद्यांवर बसवल्यावर भोपळा झाला. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ते डोकं ओढणीच्या टोकाने पुसून खिडकीत ठेवलं, पहिल्याशेजारी.

"तिसरं नीट बघून करा, काका. जे दिसतं ते करायचं. बस."

तिसरं डोकं एका आजोबांचं होतं. पंचाहत्तरावा वाढदिवस. नातवंडांनी धड निवडलं होतं: लाल केप, छातीवर वीज, मांड्या झाडाच्या खोडासारख्या. फोटो तीन दिले होते, समोरचा, बाजूचा आणि खुर्चीत डुलकी लागलेला.

या खेपेला त्याने घाई केली नाही. फॉइलचा गोळा घट्ट चेपला, त्यावर माती चढवली, डोळ्यांची रेघ पट्टीने मारली, केसांची जाडी वजा केली. नाक जमलं. कान तर त्यांतल्या केसांसकट जमले. मग तो नाकाखाली आला आणि या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच घरी पोचल्यासारखा सैलावला. मेणकामाची जुनी अवजारं त्याने सोबत आणली होतीच. हात आपला आपण चालला. तासाभरात तोंड झालं, आणि नाकाखालचं त्याला परत तपासावंसंही वाटलं नाही.

भाजलेलं डोकं मॅडमनी भिंगाखाली धरलं. मग फोटोशेजारी धरलं.

"फोटोपेक्षा बरे दिसतायत," त्या म्हणाल्या. "पण जमलंय. आजी उद्या बघायला येणारेत."

आजी सुनेला घेऊन आल्या. जिना चढून आल्यामुळे आधी बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग डोकं तळहातावर घेतलं. चष्मा वर केला, खाली केला.

"हे कोण?"

"आई, बाबा आहेत," सून म्हणाली.

"बाबा कसले. हे यांचे थोरले भाऊ दिसतात. ते असे भरल्या तोंडाचे होते." आजींनी डोकं उजेडाकडे वळवलं. "नाक यांचंच. कानही यांचेच, त्यात वाद नाही. पण तोंड यांचं नव्हे. या तोंडाचा माणूस मला उलट उत्तर देईल."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोक्याकडे पाहिलं, मग भिंतीला चिकटवलेल्या फोटोकडे, आणि आपण काय करून बसलोय ते त्याला तेव्हा कळलं.

"त्यांची खालची कवळी सैल आहे का?" त्याने विचारलं.

आजी वळल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फोटोत दिसतं."

"सैल म्हणजे? शिंकले की ताटात. बारा वर्षं झाली. नवी करा म्हटलं की म्हणतात, आता किती दिवसांचा प्रश्न आहे. हेही बारा वर्षं म्हणतायत."

"कवळी झिजली की तोंड जास्त मिटतं," तो म्हणाला. "हनुवटी वर येते, ओठ आत जातात, गाल बसतात. तीनेक मिलिमीटरचा फरक असतो. मी तो भरून काढला. मुद्दाम नाही. आजवर तेच करत आलो ना, हात तिकडेच गेला."

"आमच्या लक्षात कसं नाही आलं," सून म्हणाली.

"या मापात तो अर्धाच मिलिमीटर होतो." मग त्याने थांबायला हवं होतं, पण तो थांबला नाही. "आजी, ते खरंच असे दिसतील. माप घेऊन नवी कवळी केली तर. मी स्वतः करून देतो. आठवड्यात होईल."

गेल्या कित्येक महिन्यांत त्याचा आवाज इतका सरळ निघाला नव्हता. मॅडमनी कॉम्प्युटरवरून मान वर केली.

आजी तळहातावरच्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. भरलेले गाल, ताठ ओठ. कोपऱ्यात जरासा मिस्कीलपणासुद्धा होता. तो त्याने घातला नव्हता, दात नीट असले की येतो.

"आई, करूया की," सून म्हणाली. "जेवतील तरी धड."

"नको."

"का?"

"बोलायला लागतील." सून हसली. आजी हसल्या नाहीत. "ती हलते म्हणून दोन शब्दांत आटोपतात. लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्यातली अडतीस मी नुसतं ऐकलंय. आता कुठे जरा माझा नंबर लागलाय." त्यांनी डोकं हलकेच टेबलावर ठेवलं, पालथं पडू नये म्हणून बोटाने आधार दिला. "हे छान आहे हो, कारागिरीत खोट नाही. पण मला माझेच करून द्या."

दोघी जिना उतरून गेल्या. खालून इस्त्रीची वाफ फुसकन सुटली.

"काका," मॅडम म्हणाल्या, "तिसरं शेवटचं असं ठरलं होतं."

"हो."

"वाढदिवस परवा आहे. नवीन करायला दोन दिवस लागतात."

"नवीन नको. उद्या दुपारपर्यंत वेळ द्या मला. नाहीच झालं तर खिडकीत तिसरं ठेवा."

मॅडमनी थोडा विचार केला आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पिशवीतून बारीक आरी काढली. लॅबमध्ये प्लास्टरचे जबडे वेगळे करायला वापरायचा ती. तिचं पातं अर्धा मिलिमीटर जाडीचं. म्हणजे नाकाच्या खालून आडवं कापलं, की जेवढं काढायचं तेवढं पात्यानेच भुग्यात जाणार होतं. वेगळं मोजायचीही गरज नव्हती. हिशेब इतका सोपा निघाला, की त्याला त्या सोपेपणाचाच राग आला.

त्याने डोकं पक्कडीत धरलं, आरी लावली, आणि आरी काही चालेना. एकतीस वर्षं ज्या मिलिमीटरसाठी पाठीला बाक आणला, तो आता काढून टाकायचा. लोक त्याला तोंड वर उचलायचे पैसे देत आले होते. कुणी पाडायला सांगितलं नव्हतं.

"काका, काही हवंय का?" मॅडमनी विचारलं.

"नको. हात जरा अवघडलाय."

मग त्याने कापलं. हनुवटी चिमटीत आली, भाताच्या शितासारखी हलकी. ती त्याने परत चिकटवली, किंचित पुढे सरकवून, कारण सैल कवळीच्या माणसाची हनुवटी पुढेच येते. गाल खरवडून आत घेतले. ओठ मातीने पुन्हा घालून आत दुमडले. तोंडाचे कोपरे खाली ओढले, डावा जरा जास्त. माणूस कवळी जिभेने डावीकडे दाबून धरत होता, डुलकीच्या फोटोत स्पष्ट दिसत होतं. यातलं काहीच त्याला शोधावं लागलं नाही. कुठली चूक चेहऱ्याचं काय करते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वीस मिनिटांत झालं. आजवर केलेल्या तिन्हींपेक्षा सरस झालं, आणि ते पाहून त्याला आणखीच थकवा आला.

मॅडमनी भाजलं, रंगवलं, धडावर बसवलं. लाल केप, छातीवर वीज, आणि वर आतल्या आत काहीतरी सावरून धरलेलं तोंड.

संध्याकाळी आजी आल्या. या वेळी बसल्याही नाहीत. टेबलावरच्या वीराकडे त्यांनी कंबरेवर हात ठेवून पाहिलं.

"काय ते तोंड," त्या वीराला म्हणाल्या. "एवढं लाल कापड घातलंय अंगावर, तरी चेहऱ्यावर काही आहे का? सरळ बघा."

वीराने काही उत्तर दिलं नाही. आजींनी सुनेला खूण केली. "घे गुंडाळून. नीट घे, मान मोडेल."

त्या गेल्यावर मॅडमनी खिडकीतली दोन डोकी उचलून खोक्यात टाकली आणि खिडकी पुसली.

"सोमवारी दहाला या, काका. आणि हे बघून ठेवा." त्यांनी एक फोटो दिला. तरुण मुलगी, मनापासून हसणारी, वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला. "जसा आहे तसा."

"हो, मॅडम."

लहानपणी तार लावली असती तर वर्षभरात सरळ झाला असता. हे तो बोलला नाही. फोटो शर्टाच्या खिशात ठेवला आणि जिना उतरला. इस्त्रीवाल्याच्या दारात उभं राहून त्याने घरी फोन लावला.

"ठेवलं मला," तो म्हणाला.

पलीकडे शिवणयंत्र थांबलं. "मग आवाज असा का?"

"दमलोय."

"आत्ताच दमून कसं चालेल?" बायको म्हणाली. "येताना पांढरा दोरा आणा." आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.