हनुवटी थोडी वर

"ए बाबा, त्या मशीनचं तोंड खाली कर!"

नागली विकणाऱ्या लंकाबाईने पाखडायचं सूप चेहऱ्यासमोर धरलं आणि सुपाआडूनच ती ओरडली. गोदाघाटावर बुधवारचा बाजार ऐन भरात होता. धनराजने कॅमेरा झटकन पोटाशी घेतला, पण उशीर झाला होता. शेजारचा लसूणवाला सहादू उठून उभा राहिला. गिऱ्हाइकं हातातल्या पिशव्यांसकट तिथंच थबकली.

"काही नाही मावशी, बाजाराचा फोटो काढत होतो," धनराज म्हणाला.

"बाजार तिकडं हाय. तुझा डोळा माझ्याकडं व्हता."

"चिमाजीचा असाच काढला यानं," सहादू सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "पोळ्याला काढला. चिमाजीनं दसरा नाय बघितला."

"आन् ती भजीवाली?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"ती बी. तिचा बी यानंच काढलेला."

"यमाचा कंपाउंडर हाय हा," मागून कोणीतरी म्हणालं. "हा नुसता हात लावून जातो. सुई टोचायला साहेब मागून येतो."

लोक हसले, पण हसता हसता दोन पावलं मागेही सरकले.

"पूस माझा फोटो," लंकाबाई म्हणाली.

"निघालाच नाही, मावशी. सूप मध्ये आलं."

हे खोटं होतं. सूप वर जाण्याच्या आधीच फोटो निघाला होता. धनराजने कॅमेरा पिशवीत घातला आणि खाली मान घालून तो घाटाच्या पायऱ्या चढला. मागून सहादूचा आवाज आला, "पुढच्या बुधवारी दिसला तर कॅमेराच गोदावरीला वाहू."

पंचवटीतल्या एका अरुंद गल्लीत धनराजचा 'मंगल फोटो स्टुडिओ' होता. वर दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको मंगलाबाई राहत. एके काळी दहावीच्या फॉर्मच्या दिवसांत या दुकानापुढे रांग लागायची. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. आता दुकानावर येणारी माणसं बहुतेक एकाच कामासाठी यायची. घरातलं कोणी गेलेलं असायचं, दहावा जवळ आलेला असायचा, आणि हातात आधार कार्ड असायचं. "काका, यावरून मोठा करून द्या. फ्लेक्सला लावायचाय."

धनराज करून द्यायचा. कार्डावरचा तो घाबरलेला, डोळे वटारलेला चेहरा कापायचा, मागे निळा पडदा घालायचा आणि चेहऱ्याखाली कोट चढवायचा. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये एकच तपकिरी कोट होता. पंचवटीतली निम्मी गेलेली माणसं त्या एका कोटात भिंतीवर लटकत होती. बायकांसाठी हिरवा शालू होता. ज्या म्हातारीने जन्मात शालू पाहिला नव्हता, ती मेल्यावर शालू नेसायची.

एकदा अशीच एक मुलगी बापाची फ्रेम न्यायला आली. बराच वेळ फ्रेमकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चेहरा त्यांचाच आहे हो. पण हे ते नाहीत."

ते वाक्य धनराजला गिळता येईना. त्यानंतर तो बुधवारी कॅमेरा घेऊन बाजारात जाऊ लागला. म्हातारं माणूस दिसलं की त्याच्या नकळत टिपायचा. कोणी विडी पेटवताना, कोणी भांडताना, कोणी तराजू उचलताना. दोरखंड विकणारा चिमाजी पेरू खाताना सापडला होता, मिशीला मीठ लागलेलं. चिमाजी गेल्यावर त्याचा मुलगा दीपक आधार कार्ड घेऊन आला तेव्हा धनराज म्हणाला, "थांब जरा," आणि तो फोटो काढून दाखवला. दीपक तिथंच स्टुलावर बसून रडला.

दहाव्याला घाटावर तोच फोटो लागला. सगळा बाजार आला होता. बघणाऱ्यांनी आधी कौतुक केलं आणि मग एकमेकांकडे पाहिलं. हा काढला कधी? चिमाजीला तर माहीतच नव्हतं. पुढे आणखी दोघा-तिघांच्या दहाव्याला असेच फोटो लागले आणि मग बाजाराने आपल्या परीने हिशेब जुळवला.

धनराजने कधी खुलासा केला नाही. मेल्यावर लागेल म्हणून तुमचा फोटो काढून ठेवतो, असं जित्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? ते माहीत असलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मंगलाबाई.

लग्न होऊन आल्यापासून मंगलाबाई स्टुडिओत राबली होती. गिऱ्हाइकाची कॉलर नीट करायची, पोरांच्या केसांवरून ओला हात फिरवायची, गळ्याखाली उजेड पडावा म्हणून पांढरा थर्माकोल धरून उभी राहायची. तिचं एक वाक्य गल्लीतल्या सगळ्यांना पाठ होतं, "हनुवटी थोडी वर." खिडकीतल्या उन्हावर काम चालायचं तेव्हा गिऱ्हाइकांना घाई करायची, "आटपा, उजेड चाललाय." तिचा स्वतःचा फोटो मात्र लग्नातला एकच, आणि त्यात तिचे डोळे मिटलेले. धनराजने कधी कॅमेरा वळवलाच तर ती पाठ फिरवायची. "माझ्यावर कशाला रीळ घालवता? शिंप्याचं पोर उसवलेलंच असायचं." पुढे रीळ गेलं, पण तिची सवय राहिली.

आणि गेल्या शुक्रवारी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, मंगलाबाईला वजन करायला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"आता फार धावपळ करू नका," ते धनराजला म्हणाले. "घरीच ठेवा. खावंसं वाटेल ते द्या त्यांना."

रिक्षात बसल्यावर मंगलाबाईने विचारलं, "काय म्हणाले?"

"पित्ताशयाला सूज आहे. गोळ्यांनी उतरेल."

त्या दिवसापासून धनराजच्या डोक्यात दुसरं काही येत नव्हतं. निम्म्या बाजाराचे चेहरे त्याच्याकडे होते आणि घरातला नव्हता. आणि धनराजने गुपचूप कॅमेरा रोखला याचा अर्थ काय, हे साऱ्या नाशकात फक्त तिलाच ठाऊक होतं. फोटो काढला तर डॉक्टर काय बोलले ते तिला कळणार होतं. नाही काढला तर एक दिवस त्यालाच तिचं आधार कार्ड घेऊन कॉम्प्युटरपुढे बसावं लागणार होतं. खाली हिरवा शालू जोडत.

बाजारातून हाकलला गेला त्याच दिवशी दुपारी त्याने प्रयत्न केला. ती गॅलरीत कोरफडीला पाणी घालत होती. तो दाराआड उभा राहिला.

"काय चाललंय?" तिने न वळता विचारलं.

"लेन्स बघतोय. धूळ बसलीय वाटतं."

"मग फडक्यानं पुसा. माझ्या पाठीनं पुसणार आहात का?"

त्याने कॅमेरा खाली घेतला. जेवताना ती ताटावरून त्याच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही माझ्याकडे एक डोळा बारीक करून बघताय."

"छे."

"आमटी वाढतानासुद्धा. मी काय गिऱ्हाईक आहे?" तिने आमटीचं भांडं खाली ठेवलं. "डॉक्टरांनी मला वजनाला का पाठवलं? वजन तर दवाखान्यातल्या पोरीनं आधीच केलं होतं."

"मशीन बिघडलं असेल."

"कुणाचं?"

धनराजने भाताचा घास घेतला आणि बराच वेळ चावला.

दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेरा कपाटावर, चादरीच्या गाठोड्यामागे ठेवला. संध्याकाळी तिने विचारलं, "कॅमेरा कुठाय?"

"असेल दुकानात."

"दुकानात नाही." तिने गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत डब्यात ठेवलं. "तुम्ही कॅमेरा लपवायला लागलात का आता?"

पुढचे दिवस असेच गेले. ती रिपोर्टची फाईल कुठे ठेवलीय ते विचारायची, तो औषधवाल्याकडे राहिली म्हणायचा. तो खोकला तरी ती मान वर करायची. कॅमेरा काढला तरी संशय, लपवला तरी संशय.

बुधवारी धनराज बाजारात गेला नाही. उन्हं कलायच्या सुमारास दुकानाच्या पायरीवर एक टोपली टेकली. तिच्यावर पालथं सूप होतं. मागोमाग लंकाबाई आत आली.

"हाय का तो?"

काउंटरवर मंगलाबाई होती. "या मावशी. बसा. फोटो काढायचाय?"

"काढायचा नाय, काढलेला पुसायचाय. आज सूनबाईनं सपान पडलं म्हून सांगितलं. तवाच ठरवलं, नागली इकून झाली की पयलं इथं यायचं."

"सूप मध्ये आलं होतं," धनराज आतून म्हणाला.

मंगलाबाईने त्याच्याकडे पाहिलं. कपाटावर गाठोड्यामागे काय आहे ते तिला कधीच सापडलं होतं. ती वर जाऊन कॅमेरा घेऊन आली, तो कॉम्प्युटरला जोडला आणि बटणं दाबत गेली. सुपाच्या आधीचा फोटो पडद्यावर आला.

लंकाबाई तळहातावरच्या नागलीवर फुंकर घालत होती. गाल फुगलेले, डोळे बारीक झालेले, आणि तोंडापुढे उन्हात उडालेला कोंडा.

लंकाबाई खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेली.

"ही माझी आई हाय," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "मी येवढी म्हातारी कवा झाले?"

"चांगला आलाय," मंगलाबाई म्हणाली.

"चांगला येऊ दे नायतर वाईट. हा आमचे फोटो काढतो कशापायी, ते सांग. तू बायको हायस त्याची. तुला ठाव असंल."

धनराजने मान हलवून नको म्हटलं. मंगलाबाईने ते पाहिलं आणि तरीही सांगितलं.

"तुमच्या माघारी तुमच्या पोरांना आधार कार्ड घेऊन यायला लागू नये म्हणून."

लंकाबाई पडद्यापासून वळली.

"म्हंजी कुणाचा नंबर लागलाय ते याला कळतं?"

"काही कळत नाही. म्हातारं माणूस दिसलं की काढतात. म्हातारी माणसं जातातच की, मावशी."

"मग सांगून काढावा."

"सांगितलं असतं तर काढू दिला असतात?"

"शेणाचा गोळा मारला असता!" लंकाबाई म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. हसताना तिने तोंडावर पदर घेतला. मग पदर खाली आला आणि आवाज पुन्हा कडक झाला. "पण पूस. माझ्यादेखत पूस. माझ्या नातवांनी मला कशी बघायची, ते मी ठरवीन. दिवाळीचं लुगडं नेसून येईन आन् म्होरं बसून काढीन."

धनराजने पुढे येऊन फोटो पुसला. पडदा काळा झाला. लंकाबाईने खात्री करून घेण्यासाठी पडद्याला बोट लावून पाहिलं. टोपली उचलायला वळली तेव्हा तिची नजर भिंतींवरून फिरली. नवरा-नवरी, बारशाची बाळं, शाळेच्या टोप्या, कोटातली माणसं.

"यात तुझा कुठला?" तिने मंगलाबाईला विचारलं.

"माझा नाही."

"ऑ? म्हातारी तर तू बी झालीस. हा गावभर म्हाताऱ्या हुडकत फिरतो, आन् घरातली दिसंना व्हय याला?"

धनराज पुसलेल्या पडद्याकडे बघत राहिला.

"दिसते ना," मंगलाबाई म्हणाली. "दवाखान्यातून आलो त्या शुक्रवारपासून दिसायला लागलीय."

लंकाबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा धनराजकडे. त्याने मान वर केली नाही. तिला जे कळायचं ते त्यातून कळलं असावं. ती परत मागे आली, मंगलाबाईच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "येते बाई," म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन पायरी उतरली.

दुकानात दोघंच राहिली.

"मंगल," धनराज म्हणाला.

"सांगू नका. सांगितलंत तर ऐकावं लागेल." तिने कॅमेऱ्याची वायर काढली, गुंडाळली आणि कॅमेरा त्याच्यापुढे काउंटरवर ठेवला. "लेन्सची धूळ गेली का?"

"गेली."

"मग लपवून कशाला ठेवता? हवा लागू द्या त्याला."

ती जिना चढून वर गेली. थोड्या वेळाने वरून सूप आपटल्याचा, मग पाटाचा आवाज आला. धनराज कॅमेरा घेऊन वर गेला तेव्हा ती गॅलरीच्या उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. एरवी ती स्वयंपाकघरात दिव्याखाली निवडायची. इथे समोरच्या दोन घरांच्या फटीतून मावळतीचं ऊन येत होतं, तेवढ्या पट्ट्यात तिने पाट मांडला होता. पांढरी भिंत तिच्या डाव्या अंगाला होती. त्या भिंतीवरून उजेड गळ्याखाली येत होता, थर्माकोलवरून यायचा तसा.

बाजारात पालाआड उभा राहतो तसा धनराज दाराआड उभा राहिला. कॅमेरा डोळ्याला लावला. ती एकेक काडी उचलत होती, पानं खुडत होती, देठ बाजूला टाकत होती. गालाची हाडं वर आली होती. पूर्वी घट्ट बसणारी पाटली कोपराकडे घसरली होती. हे सगळं लेन्समधून दिसलं, आठवडाभर ताटावरून दिसलं नव्हतं. त्याचं बोट बटणावर नुसतं टेकून राहिलं.

खालच्या गल्लीतून एक रिक्षा गेली. उन्हाचा पट्टा भिंतीवरून वर सरकू लागला.

"उजेड चाललाय," मंगलाबाई मेथीला म्हणाली.

तिने मागे वळून पाहिलं नाही, हातातली काडीही खाली ठेवली नाही. फक्त हनुवटी थोडी वर केली.