मालकाने खूण सांगून घेऊन जावे

“अंकल, हे काय नवीन? तोरण लावताय?” हेमांगीने पंपहाउसच्या दारातूनच विचारलं.

व्हॉल्व्हच्या टाकीभोवतीच्या लोखंडी कठड्यावर सॅन्टन क्लच वायरचे फास एकेक करून टांगत होता. नऊ फास. मधोमध त्याने खोक्याचा पुठ्ठा अडकवला होता आणि त्यावर निळ्या स्केचपेनने लिहिलं होतं : ‘सापडले आहे. मालकाने खूण सांगून घेऊन जावे. सॅन्टन चावीवाला.’ खाली मोबाइल नंबर होता. तो दोनदा लिहिला होता, म्हणजे एक पुसला गेला तरी दुसरा राहील.

“तोरन नाय गो बाय. कोनाची तरी वस्तू हाय. वर जंगलात पाइपाच्या कडंला भेटली.”

“वस्तू? हे डुकराचे फास आहेत, अंकल. शिकारीचे. कुणाचे पडले नाहीत, कुणीतरी लावलेत.”

“लावले आनि इसरला. तीन आठवडे बगतोय, कोन फिरकला नाय. गंज धरला व्हता.”

तो गंज सॅन्टनने ग्रीस लावून घासून काढला होता. एका फासात ससा होता. म्हणजे एके काळी ससा होता. आता दोन कान आणि मागचा एक पाय एवढाच शिल्लक होता. तो त्याने करवंदीच्या जाळीखाली पुरला, वर दगड ठेवला, दगडावर क्रूस काढावा की काय याचा थोडा वेळ विचार केला आणि सशाचा धर्म ठाऊक नसल्यामुळे नुसताच नमस्कार केला. मग तो फास त्याने बाकीच्यांपेक्षा जास्त घासला. परक्याची वस्तू परत द्यायची, तर स्वच्छ द्यावी.

“त्या टाकीत टाका आणि झाकण लावा,” हेमांगी म्हणाली. “नाहीतर भंगारात द्या.”

“दुसऱ्याचं भंगारात द्यायला मी चोर हाय?”

“मग जिथे होते तिथेच ठेवायचे होते.”

“आनि दुसरा ससा गेला असता, तर? तो कोनाच्या डोक्यावर?”

हेमांगी पंप चालू-बंद करायची आणि मधल्या वेळात मोबाइलवर दुसऱ्यांची लग्नं बघायची. इतक्या अवघड प्रश्नांची तिला सवय नव्हती.

सॅन्टन मूळचा पाचूबंदरचा. बाप-आजे दर्यावर गेले, सॅन्टनला मात्र बोट लागायची. कोळ्याच्या पोटी येऊन बोट लागणाऱ्या पोराला गावाने वीस-पंचवीस वर्षं पोटभर हसून घेतलं, आणि मग कुणाच्या तरी ओळखीने पाणीखात्यात चिकटवून दिलं, की निदान पाण्याशी संबंध राहावा. त्याला एकवीस वर्षं झाली. सॅन्टन रोज डोंगराच्या पायथ्याने पाइपलाइनच्या कडेकडेने चालायचा, गळती बघायचा आणि ठरल्या वेळी व्हॉल्व्ह फिरवून खालच्या वस्त्यांना पाणी सोडायचा. गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘तात्पुरता’ असा शिक्का होता. एकवीस वर्षांत तीन ओळखपत्रं झिजून गेली, शिक्का काही झिजला नाही.

आणि आता तो शिक्का जाणार होता. खात्याने चौदा जणांना कायम करायची यादी केली होती, त्यात सॅन्टन तिसरा होता. निवृत्तीला उरले होते सात महिने. पण सात महिने का होईना, कायम म्हणजे कायम. मग खात्याच्या कार्डावर मार्गारेटच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होणार होतं. तिला चर्चच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. मिस्सा ती बाहेर आंब्याखाली बसून ऐकायची आणि लोक भिकारीण समजून तिच्या मांडीवर नाणी ठेवायचे. शुक्रवारी यादीवर सही होणार होती. अट एकच, माणसावर कसली केस नको.

“म्हणून सांगते,” हेमांगी म्हणाली, “हा आठवडा तरी जंगलातली काडीसुद्धा उचलू नका.”

पण सॅन्टनचा नियम पाचूबंदरचा होता. दर्यात वाहून आलेलं जाळं ज्याला मिळेल त्याचं नसतं. ते बंदरावर, बोंबील वाळवायच्या बांबूंवर टांगायचं आणि तीन भरत्या वाट बघायची. ज्याचं असेल तो येतो, खूण सांगतो आणि घेऊन जातो. तीन भरत्यांत कुणी आलं नाही, तर मग ज्याला मिळालं त्याचं. ना कागद, ना पोलीस. बापाने तर एकदा बुडून मेलेल्या माणसाचं जाळंसुद्धा तीन भरत्या टांगून ठेवलं होतं. न जाणो.

जंगलाला भरती नसते, ही अडचण होती. सॅन्टनने ती सोडवली. त्याने पाणी सोडायच्या तीन पाळ्या धरल्या. पाणी एक दिवसाआड. सोमवार, बुधवार, शुक्रवार.

बुधवारी हेमांगीची सुट्टी होती, आणि नेमका त्याच दिवशी मालक आला.

बाइकवरून उतरला तो गुरुदत्त. आगाशीच्या जुन्या वाडीवाल्यांपैकी. तिकडे केळीची बाग, इकडे डोंगराखाली थोडी भातजमीन. वनसमितीचा सदस्य. बाइकवर पुढे तसा स्टिकर होता, मागे वाघाचं चित्र होतं. दर पावसाळ्यात तो त्याच एका खड्ड्यात झाड लावताना फोटो काढून घ्यायचा. कठड्यासमोर उभा राहून त्याने पाटी दोनदा वाचली.

“सॅन्टन, हे लिहिण्याची अक्कल तुला कोणी दिली?”

“कोनी नाय, माजीच हाय. तुमचे हायेत का?”

गुरुदत्तने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. “माझेच.”

“खून सांगा.”

“टोकाला लाल टेप. तीन वेढे. एकाला दोनच आहेत, टेप संपली होती.”

सॅन्टनने एकेक टोक मोजून बघितलं. बरोबर होतं. त्याला बरं वाटलं. नियमाने जंगलातही काम केलं होतं. “घेऊन जावा, दादा.”

“बाइकवर कुठे नेऊ? शुक्रवारी गाडी आणतो. त्यात काही लागलेलं होतं का?”

“ससा व्हता. पुरला मी.”

“च्च! मला नाही का कळवायचं?” गुरुदत्त हळहळला. “बरं, ती पाटी तेवढी काढ.”

“तिसरी पाळी होईस्तोवर पाटी काडता नाय येत. नियम हाय.”

“अरे, मालक मिळाला ना?”

“मिळाला. पन माल अजून नेला नाय ना.”

गुरुदत्तने त्याच्याकडे, आपण खिडकी नसलेल्या भिंतीकडे बघतो तसं बघितलं आणि बाइकला किक मारली.

गुरुवारी कुणीतरी पाटीचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो वसईपासून विरारपर्यंतच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला, आणि वर मजकूर होता : ‘डुकराचे फास मिळतील.’ सॅन्टनला सतरा फोन आले. एकाने भाव विचारला. एकाला घुशींसाठी हवे होते. एका बाईने शेजाऱ्यांच्या मांजराला चालतील का, असं विचारलं आणि होम डिलिव्हरी आहे का तेही विचारलं. सॅन्टनने प्रत्येकाला नम्रपणे खूण विचारली. एकालाही सांगता आली नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला त्याने तिसरी पाळी सोडली. साडेदहाला वनखात्याची जीप आली. पुढून वनरक्षक तेजस उतरला, नव्या नोकरीतला, पहिल्याच केसच्या उत्साहातला. मागून पंच म्हणून गुरुदत्त उतरला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“गाडी आनली का, दादा?” सॅन्टनने आनंदाने विचारलं.

गुरुदत्तने त्याला ओळख दाखवली नाही.

“हे नाव तुझं? हा नंबर तुझा?” तेजसने पाटीवर बोट ठेवलं.

“दोन्ही नंबर माजेच, साहेब.”

“शिकारीचं साहित्य बाळगणं गुन्हा आहे, माहीत आहे?”

“बाळगलं नाय. टांगलंय.”

हेमांगी धावत बाहेर आली. “साहेब, त्यांना सापडलेत हे! मालक परवा येऊन गेलाय, काल सांगत होते. अंकल, नाव घ्या ना त्याचं!”

“मी कसं घेऊ? मालकानं सोता सांगायचं असतं.” सॅन्टन गुरुदत्तकडे वळला. “दादा, सांगा ना यांना. लाल टेप, तीन वेढे.”

“कसली टेप?” गुरुदत्त म्हणाला. “साहेब, हा माणूस काय बोलतोय?”

“एकाला दोनच वेढे,” सॅन्टनने त्याला आठवण करून दिली. त्याला खरंच वाटलं, हा विसरला असेल.

“मी या माणसाला पहिल्यांदा बघतोय.”

सॅन्टनने एका फासाचं लाल टोक त्याच्यापुढे धरलं.

“म्हंजे हे तुमचे नाय?” सॅन्टनने विचारलं. “नीट बगा. नाय म्हनालात तर परत मागता नाय यायचं.”

“नाही.”

सॅन्टनने घड्याळात बघितलं. मग त्याने, जसं बापाने सांगितलं असतं तसं, खालच्या आवाजात आणि जरा दुःखाने सांगितलं, “मग तिसरी पाळी दहालाच झाली. आता नियमानं ते माजे.”

“अंकल!” हेमांगी किंचाळली.

तेजसने लिहून घेतलं : आरोपीने मालकी कबूल केली.

मग अडचण आली. वरच्या साहेबांना फोटो हवा होता, फास जमिनीवर लावलेला असताना कसा दिसतो त्याचा; नुसता टांगलेला वळणदार तारेचा तुकडा बघून कोर्टात हसतात, असं ते म्हणाले होते. तेजसने एक फास घेतला, करवंदीच्या बुंध्याला गुंडाळला. तो सुटला. पुन्हा गुंडाळला. गुरुदत्तला ‘बघा ना जरा’ म्हटलं, तर गुरुदत्तने, पंच असल्यामुळे, मुद्दाम आणखी वाईट गुंडाळला.

“तू लाव,” तेजस सॅन्टनला म्हणाला.

“नको अंकल!” हेमांगीने त्याचा हात धरला. “जमत नाही म्हणा. खरंच तर आहे, तुम्ही आयुष्यात काही धरलंय का? साहेब, यांना येत नाही!”

तेजस थांबला. पोरगा वाईट नव्हता. “येत नाही का?” त्याने विचारलं. “येत नसेल तर तसं लिहितो.”

एवढंच म्हणायचं होतं. गुडघे, कार्ड, यादी, सगळं त्या एका ‘नाय’मध्ये होतं, आणि सॅन्टनने तोंड उघडलंही. पण त्याची नजर खाली गेली. गुरुदत्तने बांधलेला फास अर्धवट आवळून अडकला होता.

“असा बांदला तर जनावर दोन दिस तडफडंल,” तो म्हणाला. “तुमच्या त्या सशाचं तेच झालं. पाय कुरतडला व्हता त्यानं सोताचा.”

तो उकिडवा बसला. बोट लागणारा पोरगा किनाऱ्यावर बसून करणार काय? पंधरा वर्षं त्याने साऱ्या बंदराची जाळी विणली होती, फाटकी सांधली होती. त्याने तार सोडवली, बुंध्याला दोन वेढे दिले, टोक आतून काढलं, एकदा ओढून बघितलं. फास तेल घातल्यासारखा सरकला आणि आवळून थांबला. सगळं मिळून अर्धं मिनिट.

“एका झटक्यात गेलं पायजे,” सॅन्टन म्हणाला. “धरायचं तर असं धरावं. नायतर धरू नये.”

तेजसने फोटो काढला. चार बाजूंनी काढला. फोटो फारच छान आला.

हेमांगीचा मोबाइल वाजला. खात्यातून होता. ती बाजूला जाऊन बोलली, परत आली. तिने सॅन्टनकडे न बघता त्याचा डबा आणि छत्री गोळा केली. “केसची खबर तिकडे पोचली. तेरा जणांच्या यादीवर सही झाली,” ती म्हणाली.

“चौदा,” सॅन्टन म्हणाला.

तिने छत्री त्याच्या हातात दिली.

“मार्गारेटला फोन कर गो. पायऱ्या चडून कुटं येऊ नको म्हनावं. आनि चारला खालची चावी बंद कर, नायतर गटारात जाईल सगळं पानी.”

जीप निघाली. मागच्या बाकावर एकीकडे सॅन्टन, समोर गुरुदत्त. पंचाला सहीसाठी ऑफिसात यायचं होतं. हायवे लागला तसा गुरुदत्तने वाकून बुटाची नाडी सोडवली, बाकाच्या दांड्याला दोन वेढे दिले आणि टोक बाहेरून घातलं. ओढलं. अडकलं. सोडवून पुन्हा बाहेरून घातलं, पुन्हा अडकलं. तेजस पुढे बसून फोनवर कुणाला तरी फोटो पाठवत होता.

सॅन्टन टोलनाक्यापर्यंत बाहेर बघत बसला. त्यापुढे त्याला बघवेना.

“आतून, दादा,” तो म्हणाला. “आतून काडा.”