वरच्या मजल्याची चौकशी

रविवारी सकाळी यमुनाबाई थालीपीठं लावत होत्या. भाजणीचा वास जिन्यापर्यंत गेला आणि वरचा मजला बघायला आलेली मुलगी थेट त्यांच्या दारात येऊन उभी राहिली.

"काकू, तुम्ही मराठी?"

यमुनाबाईंना आकाश ठेंगणं झालं. मोहालीच्या त्या शांत गल्लीत बोलायला मराठी माणूस नाही, म्हणून त्या वर्षानुवर्षं कुढत होत्या. मुलीचं नाव ऋजुता. इथल्या नॉलेज सिटीतल्या संस्थेत संशोधन करते, गावाकडे आई एकटी असते. "जागा मिळाली की आईला आणणार आहे. तिकीटसुद्धा काढलंय," असं म्हणत तिनं दुसरं थालीपीठ मागून घेतलं.

घरमालकीण सरोजजींनाही मुलगी आवडली. "अपना ही घर समझो, बेटा," म्हणाल्या. मग पूरा नाम विचारलं. ऋजुतानं सांगितलं. सरोजजींना त्या आडनावावरून काहीच कळेना.

कळेना, म्हणून संध्याकाळी त्यांनी फाटकापाशी गाडी पुसणाऱ्या विजयकुमारांना, म्हणजे यमुनाबाईंच्या यजमानांना, विचारलं, "भाईसाहब, ये आपके उधर कौन लोग होते हैं?"

विजयकुमारांनी सांगून टाकलं. हातातलं फडकंही थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऋजुताला निरोप गेला की वर सरोजजींची नणंद राहायला येणार आहे. फाटकावरची 'टू लेट'ची पाटी मात्र तशीच लटकत होती. ती पाहून यमुनाबाई घरात आल्या.

"अहो, तुम्ही काही बोललात का त्यांच्याशी?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं. खोटं बोलायला पाहिजे होतं का?"

"माहीत नाही म्हणाला असतात, तर जीभ झडली असती?"

"अगं, घर त्यांचं. कुणाला ठेवायचं ते त्या बघतील. आपण कशाला मध्ये पडायचं?"

म्हणे मध्ये पडायचं नाही! पडले कोण होते मग? संताप येतो तो याचाच. एवढ्या लांब येताना माणसानं भाजणी आणावी, मेतकूट आणावं. ही घाणही गाठोड्यात बांधून आणायची? त्या पंजाबी बाईला जे ओळखता येत नव्हतं, ते आपल्या माणसानं नेमकं ओळखून दिलं.

यमुनाबाईंनी ऋजुताला फोन लावला आणि काय घडलं ते सगळं सांगितलं.

"मला सवय आहे, काकू. आईला काय सांगू, तेवढं सांगा."

यमुनाबाई फोन ठेवून सरळ सरोजजींकडे गेल्या.

"महीने के आख़िर में हम भी घर खाली करेंगे."

"क्यों जी? आपसे तो कोई शिकायत नहीं!"

"मुझे है," यमुनाबाई म्हणाल्या.

विजयकुमारांनी आकांडतांडव केलं, मुलांच्या शाळेची भीती घातली. यमुनाबाई बधल्या नाहीत. आता सुट्टीच्या दिवशी त्या आणि ऋजुता दोन मजल्यांचं घर शोधत फिरतात. यजमान गाडी चालवतात, पण खाली उतरत नाहीत. ऋजुतासमोर उभं राहायची त्यांची अजून छाती होत नाही. आईचं तिकीट रद्द करावं लागलं आहे.

"पूरा नाम?" असं दर फाटकावर विचारतात.

"मैं यमुना, ये ऋजुता. बाकी किरायेदारों वाले पुलिस के फॉर्म पर लिख देंगे."

मग बहुतेक फाटकं बंद होतात. घर अजून मिळालेलं नाही.

आणि वाचकहो, ऋजुताचं आडनाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. ते काय असेल, याचा अंदाज तुम्ही आतापर्यंत केव्हाच बांधला असेल. विजयकुमारांना नावं ठेवण्याआधी आपण तो का बांधला, एवढं स्वतःला विचारा.