चंद्रीच्या कानातला बिल्ला

चंद्री गाय दारात आली त्याच वर्षी धावडा गावच्या कडूबाने तिचा विमा उतरवला. कानात विम्याचा पितळी बिल्ला बसला आणि कडूबा निर्धास्त झाला. त्याची बायको उषाबाई मात्र रोज पेलाभर दुधाचे पैसे गाडग्यात टाकी. "चंद्रीच्या दवापाण्याला ऱ्हाऊ द्या," ती म्हणे.

"बिल्ला हाय ना! दोन दोन खर्चे कशाला?" कडूबा हसे. बिल्ला म्हणजे जणू ताईतच!

भादव्यातल्या एका दुपारी चंद्रीने दावं तोडलं आणि ओला लसूणघास भरपूर खाल्ला. तिची डावी कूस टम्म फुगली.

"आवं, भोकरदनहून डाक्टर आणा, जल्दी!" उषाबाई काकुळतीने म्हणाली.

"उतरंल आपोआप. न्हाईच उतरलं, तर विमा हाय की," म्हणत कडूबा लिंबाखाली टेकला. वारा मंद होता. त्याचा डोळा लागला.

स्वप्नात सारं रान दुधाळ उजेडात न्हालं होतं. चंद्री दूर बांधावरून चालली होती, कानातला बिल्ला लुकलुकत होता. गोठ्यात तिच्या दाव्याला विम्याचा कागद बांधलेला होता. कडूबा चरवी घेऊन दूध काढायला कागदाखाली बसला. कागद नुसता फडफडला. त्याने हाक मारली. चंद्री हंबरली, पण वळली नाही.

कडूबा दचकून उठला. शेजारचे महेबूबचाचा चंद्रीची पाठ चोळत होते. उभा जन्म त्यांनी म्हशी सांभाळल्या होत्या. कडूबाने त्यांना स्वप्न सांगितलं.

"बराबरच हाय बेटा," चाचा म्हणाले. "विमा मेल्यावर पैशे देतो. जित्या जिवाचा खर्चा आपुनच करावा लागतो. ही धापा टाकून राह्यली, अन् तू तिच्या मरणाच्या भरवशावर झोपला व्हय?"

अरे देवा! खरंच की! कडूबाला स्वतःची लाज वाटली. चाचांच्या लुनावर तो सुसाट भोकरदनला गेला. इकडे उषाबाईने गाडगं फोडलं.

डॉक्टरांनी नळी घालून वायू काढला, औषध पाजलं. दिवस कलताना चंद्री सावकाश रवंथ करू लागली. कडूबाने तिच्या मानेला मिठी मारली आणि तो रडला.

पुढल्या बाजारी नवं गाडगं त्यानेच आणलं. विम्याचा हप्ताही भरला.

मंडळी, विमा जरूर उतरवा, तो गेलेल्याची भरपाई देतो. पण दारातलं हंबरणं टिकवायचं असेल, तर गाडगं आपणच भरायला हवं!