आजींची पाठ

सिस्टरनी तीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात काढली होती. निवृत्त झाल्या आणि पंधरा दिवसांतच घर त्यांना खायला उठलं. मग त्यांनी शिंप्याच्या दुकानामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, नऊ बायका जमवल्या, त्यांना हाताला धरून शिकवलं, आणि घरोघरी जाऊन आजारी माणसांची देखभाल करणारी एक छोटीशी संस्था उभी केली. चौदा घरं, नऊ सेविका आणि कागदपत्रं सांभाळायला सूनबाई, एवढाच सारा पसारा. पण सिस्टरना त्याचा कोण अभिमान!

त्या वर्षी पहिल्यांदाच परवाना कार्यालयाचं पत्र आलं. तपासणी होणार, संस्थेचा दर्जा ठरणार. सूनबाईनं कंबर कसली आणि तीन दिवस खपून सगळ्या फायली लावल्या. फक्त एका वहीपाशी तिचं घोडं अडलं.

ती चुकांची वही होती. कामात काही चुकलं, तर जिच्या हातून चुकलं तिनं ते स्वतःच्या अक्षरात तिथे लिहायचं, हा सिस्टरचा नियम. लिहिलं म्हणून कुणाला बोलणी बसणार नाहीत. लपवलं तर मात्र गाठ सिस्टरशी.

"आई, ही कपाटात ठेवू का?" सूनबाईनं हळूच विचारलं. "बाकीच्या संस्थांची म्हणे कोरी असते. आपणच कशाला आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा?"

सिस्टरनी वही हातात घेतली, दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "टेबलावर ठेव. सगळ्यात वर."

तपासणीला आलेल्या मॅडम पन्नाशीच्या, सडपातळ, तोलूनमापून बोलणाऱ्या. दोन तास त्या कागद बघत बसल्या. चहा समोर निवून गेला.

"दोन सेविकांच्या प्रशिक्षणाची मुदत उलटून गेलीये," त्या म्हणाल्या.

सिस्टरचा चेहरा खर्रकन उतरला. सूनबाईनं जीभ चावली. एवढी धावपळ करून नेमकं तेच नजरेतून सुटलं होतं.

मग मॅडमनी ती वही उघडली. एकेका ओळीखाली बोट ठेवत त्या वाचत गेल्या, आणि शेवटच्या नोंदीपाशी थांबल्या. अक्षर वेडंवाकडं होतं : 'आजींनी पाणी मागितलं. घाईत मी पाणी दाट करायची पूड न घालता दिलं. जोराचा ठसका लागला. आजी घाबरल्या, मी पण. चूक माझी.'

"या घरी जाऊ या," मॅडम उठल्याच. "आत्ता. फोन करू नका."

चौदा घरांतलं नेमकं हेच घर! सिस्टर मनातल्या मनात चरफडल्या. तिथे कामाला होती 'रेडिओ'. दारात पाऊल टाकल्यापासून ती निघेपर्यंत तिचं तोंड म्हणून बंद नसे. नाव तिला आजींच्या मुलानंच दिलं होतं. कामाला चोख, पण कुणापुढे काय बोलून बसेल याचा नेम नाही.

दहा मिनिटं चालून दोघी त्या इमारतीत पोचल्या आणि तीन जिने चढून गेल्या. सिस्टरनी घंटा वाजवली. दार चार बोटं उघडलं, आणि फटीतून रेडिओचा घामेजलेला चेहरा दिसला.

"सिस्टर, तुम्ही? आत्ता नाही येता येणार. आजींचं अंग पुसणं चाललंय."

"अगं, या मॅडम परवाना कार्यालयातून आल्यात. तपासणीला!"

"असू देत की. पण आजी उघड्या आहेत ना! झालं की हाक मारते." आणि दार लागलं.

सिस्टरना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर मॅडम जिन्याच्या पायरीवर बसून कानोसा घेऊ लागल्या होत्या. आतून आवाज येत होता : "आता डावा हात घेते हं, आजी... पाणी कोमट आहे ना? गार वाटलं तर डोळे मिटा... शाब्बास! आता कुशीवर वळवते, घाबरायचं नाही, मी धरलंय... काल तुमच्या लेकानं काय गंमत केली सांगू?"

हात लावण्याआधी सांगायचं, हे सिस्टरनीच शिकवलं होतं. पण त्यांनी शिकवलं होतं ते एक वाक्य. या बाईनं त्याच्या गप्पा करून टाकल्या होत्या. सिस्टरही पायरीवर टेकल्या. वीस मिनिटं दोघी ऐकत बसल्या, आणि सिस्टरच्या मनातली लाज कधी निघून गेली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

आजींना अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, वाचा जेमतेम दोन-चार शब्दांपुरती उरलेली. खोलीत खिडकी उघडी होती, चादर ताणून घातलेली होती, आणि आजारपणाचा वास कुठे नावालाही नव्हता.

मॅडमनी हात धुतले. "आजी, तुमची पाठ बघू का?"

आजींनी मान हलवली. मॅडमनी पाठ पाहिली, माकडहाडापाशी अंगठा दाबून पाहिला, कमरेच्या बाजू पाहिल्या, टाचा तळहातावर घेऊन पाहिल्या. कुठे लाली नाही, की ओरखडा नाही.

"चार वर्षं अंथरुणात, आणि एकदाही जखम नाही?"

"होऊ कशी देईन?" रेडिओ म्हणाली. "दर दोन तासांनी कूस बदलते. मी नसले की लेक बदलतो, त्याला शिकवलंय मी. आधी आईला हात लावायला घाबरायचा हो, आता एकटा वळवतो..."

"मी पण वॉर्डात होते," मॅडम सिस्टरना हळू आवाजात म्हणाल्या. "अशी पाठ फारशी बघायला मिळाली नाही."

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "पाणी."

तांब्या मॅडमच्याच हाताशी होता. त्यांनी सहज पेला भरला आणि आजींच्या ओठांशी नेला. रेडिओचा हात मध्ये आला.

"थांबा! साधं पाणी चालत नाही त्यांना, श्वासात जातं." तिनं पेला काढून घेतला, पूड घालून पाणी दाट होईपर्यंत ढवळलं, आजींना उशांच्या टेकूनं नीट बसवलं, हनुवटी जरा खाली घ्यायला लावली आणि चमच्या-चमच्यानं पाजलं.

मॅडम ओशाळल्या. "वाचून आले होते, तरी विसरले. मोठी चूक झाली असती माझ्या हातून."

"मग वहीत लिहावं लागलं असतं," रेडिओ अगदी निरागसपणे म्हणाली.

सिस्टरनी कपाळाला हात लावला. पण मॅडम हसल्या, सकाळपासून पहिल्यांदाच, आणि चांगल्या खळखळून.

दहा दिवसांनी निकाल आला. नऊच्या नऊ जणींना बोलावून सिस्टरनी तो मोठ्यानं वाचला. कागदपत्रं : सुधारणा हवी. प्रत्यक्ष सेवा : सर्वोच्च दर्जा. खाली शेरा होता, की चूक लिहून ठेवण्याची आणि तिच्यातून शिकण्याची ही रीत इतर संस्थांनीही येऊन पाहावी. तिथे सिस्टरनी कागद सूनबाईच्या हातात दिला. पुढचं तिनं वाचलं, आणि ते वाचताना तिची मान ताठ झाली होती.

मुदत उलटलेल्या दोघींतली एक रेडिओच होती. सोमवारपासून तीन दिवस तिला प्रशिक्षणाला धाडलं, आणि आजींकडे स्वतः सिस्टर गेल्या. तीस वर्षांचा हात तो! अंग पुसणं, कूस बदलणं, पाणी पाजणं, सगळं कसं जिथल्या तिथे झालं. स्वतःवर खूश होऊन त्यांनी विचारलं, "काय आजी, जमलं ना?"

आजींनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. शब्द सापडायला ओठांची खटपट झाली.

"तीच... बरी."

सिस्टर हातातल्या टॉवेलसकट पलंगाच्या कडेला बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. संध्याकाळी ही गोष्ट त्यांनी सूनबाईला सांगितली, मग नवऱ्याला, मग दुकान बंद करणाऱ्या शिंप्याला थांबवून त्यालाही. आणि दर वेळी थोडा जास्तच मीठमसाला लावून.