मागच्या रांगेतला ट्रँगल

"आई, हाच घ्या. बेस ऐका बेस! छातीत धडधडतं," जावई म्हणाला.

"धडधड मला घरबसल्या होते. त्यासाठी पैसे कशाला घालवायचे?" आजींनी हेडफोन काढून माझ्या काउंटरवर ठेवला. "सगळे वादक डोक्यात एकावर एक बसलेत, बाई. मला मागची रांग हवी आहे."

आजवर गिऱ्हाइकांनी माझ्याकडे बेस मागितला, रंग मागितला, एकानं तर टक्कल झाकेल असा हेडफोन मागितला. मागची रांग कोणी मागितली नव्हती. दुकानात मला कानसेन म्हणतात आणि ते काही उगीच नाही. मी त्यांना बसायला खुर्ची पुढे ओढली. "मागच्या रांगेत कोण आहे, आजी?"

"आमचे हे. ऑर्केस्ट्रात ट्रँगल वाजवायचे, ती सळईनं टिचकी मारायची लोखंडी त्रिकोणी तार. डाव्या टोकाला, पार भिंतीपाशी. अख्खा कार्यक्रम बसून राहायचे आणि चार टिचक्या मारून घरी यायचे. जन्मभर चिडवलं मी त्यांना. गेल्यावर लक्षात आलं, त्या टिचक्या मी कधी नीट ऐकल्याच नाहीत."

त्यांनी पिशवीतून नवऱ्याचा जुना सीडी प्लेअर काढला. शेवटच्या कार्यक्रमाची सीडी आतच होती.

"तो कार्यक्रम मी फोनमध्ये घेतलाय," जावई म्हणाला. "मॅडम, दुकानातला सगळ्यांत भारी हेडफोन द्या. विषय संपला."

मी तो त्याच्या फोनला जोडून जावयाच्याच कानांना लावला. त्याचं तोंड वाकडं झालं. "एवढा महाग आणि आवाज मरतुकडा?"

"दात आहेत तर चणे नाहीत, असं झालंय. हा हेडफोन ताकद मागतो आणि तुमच्या फोनकडे ती नाही. शिवाय फाइल लहान करताना बारीक आवाज गाळले गेलेत."

मी खालच्या कप्प्यातून दुसरा काढला. दिसायला साधा, कपांना बाहेरून जाळी. "यात आवाज कोंडत नाही, ऐसपैस पसरतो. बसमध्ये घातलात तर शेजारचा भांडेल, पण घरात याला तोड नाही. आणि आजोबांचा प्लेअर याला पुरून उरेल."

"पण हा स्वस्त आहे," जावयाला ते पटेना.

"चारचौघांना दाखवायचाय की आईंना ऐकायचाय?"

आजी खुदकन हसल्या. मी हेडफोन त्यांच्या कानांना लावून प्लेअर सुरू केला आणि मग मात्र मला धास्ती वाटली. हेडफोनबद्दल मला शंका नव्हती. पण रेकॉर्डिंगमध्येच आजोबा आले नसले तर? जे नाही ते कुठला हेडफोन आणून देणार?

आजी डोळे मिटून ऐकत होत्या. बराच वेळ गेला.

"अगंबाई!" त्यांनी झटकन डावीकडे मान वळवली, कोणी हाक मारल्यासारखी. लगेच चेहरा गोंधळला. "आणखी तिकडे सरकले गं."

हेडफोनचं हे असंच असतं. आपण मान वळवली की सगळे वादकही आपल्याबरोबर वळतात. यावर माझ्याकडे इलाज नाही, आणि तेव्हा तो असता तर मी काहीही दिलं असतं.

"समोर बघा, आजी," मी म्हणाले. "वळून बघू नका, म्हणजे ते जागेवर राहतील."

आजींनी मान सरळ केली, हात मांडीवर ठेवले आणि माझ्या मागच्या खोक्यांकडे बघत, जराही न हलता, पुढच्या टिचकीची वाट बघत बसून राहिल्या.